पाण्याची गाडी, पुंगोलची डुकरं आणि लासलगावचा कांदा

सिंगापूरच्या चायनाटाउनला मलय भाषेत 'क्रेता आयर' म्हणतात. क्रेता म्हणजे गाडी, आयर म्हणजे पाणी. तिथल्या चिनी लोकांच्या तोंडी त्याच वस्तीचं नाव 'न्यू चे श्वे', म्हणजे 'बैलगाडीचं पाणी'. एकोणिसाव्या शतकात या भागात बैलगाड्यांवरून पाणी यायचं आणि विकत मिळायचं. तुम्ही सिंगापूरला जाऊन आला असाल तर लिटल इंडियातला बफेलो रोड आणि त्याच्याजवळचा करबाऊ रोड पाहिला असेल. करबाऊ म्हणजेही म्हैस. रोचोर नदीकाठच्या त्या दलदलीत चारा आणि पाणी होतं म्हणून तिथे गुरांचा बाजार वसला. आज ज्या शहरात नळाचं पाणी थेट पितात, त्या शहराची जुनी नावं अशी गाडीला आणि गोठ्याला बांधलेली आहेत.

याचं आश्चर्य वाटतं, कारण सिंगापूरला पाऊस काही कमी नाही. वर्षाला साधारण २,१०० मिलिमीटर, आणि तोही बारा महिने थोडा थोडा. मराठवाड्याच्या माणसाला तर हे ऐकूनच हेवा वाटेल. पण कोकणातला माणूस लगेच ओळखेल की अडचण कुठे आहे. रत्नागिरीत तीन हजार मिलिमीटर पडतो आणि मे महिन्यात वाडीवर टँकर येतो, हे आपण वर्षानुवर्षं बघतोच. पाऊस पडणं ही एक गोष्ट, तो धरून ठेवायला जमीन असणं ही वेगळी. सिंगापूरची सगळ्यात उंच टेकडी बुकित तिमा, जेमतेम १६४ मीटर. मोठी नदी नाही, भूजल नावापुरतं. साठच्या दशकात बेटाचं क्षेत्रफळ सुमारे ५८० चौरस किलोमीटर होतं, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईपेक्षाही कमी. एवढ्याशा जागेत घरं, बंदर, कारखाने, विमानतळ, लष्कर, शेती आणि तलाव, सगळं बसवायचं. म्हणून सिंगापूरच्या पाण्याचा इतिहास वाचताना आकाशाकडे कमी आणि सातबाऱ्याकडे जास्त बघावं लागतं.

पॉडकास्टमध्ये हा भाग आम्ही पटकन उरकतो, कारण गॅम्बियर म्हणजे काय हे सांगण्यातच पाच मिनिटं जातात. इथे जरा थांबू या. पानाला लावतो तो कात तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे तो खैराच्या गाभ्यातून काढतात. कोकण-रायगडच्या कातकऱ्यांना नावच त्या धंद्यावरून मिळालं. गॅम्बियर हे वेगळं झुडूप, पण पदार्थ काताच्याच जातीचा. त्याची पानं तासन् तास उकळायची, रस आटवायचा, वड्या पाडायच्या. मलाया-जावात तो विड्यात जायचा. १८३० नंतर इंग्लंडच्या चामडं कमावणाऱ्यांनी आणि रंगाऱ्यांनी तो उचलायला सुरुवात केली आणि सिंगापूरच्या आतल्या जंगलात तिओच्यू चिनी मळेवाल्यांची धावपळ सुरू झाली.

या पिकाची दोन लक्षणं ध्यानात ठेवा. एक, ते जमीन चोखून काढतं. पंधरा-वीस वर्षांत मळा टाकून पुढे सरकावं लागतं. दोन, पानं उकळायला लाकूड लागतं, आणि थोडंथोडकं नाही. जेवढा मळा, जवळजवळ तेवढंच जंगल त्याच्या भट्टीत जायचं. सोबत मिरी लावायची, गॅम्बियरचा चोथा मिरीला खत म्हणून घालायचा. व्यवस्था हुशारीची होती, पण चालती फिरती होती. तिच्यामागे लालांग नावाच्या धारदार गवताची ओसाड माळरानं उरायची. बेटावरची जमीन संपत आली तसे हे मळेवाले सामुद्रधुनी ओलांडून जोहोरमध्ये गेले. जोहोरच्या तेमेंगोंगने नदीकाठचे पट्टे चिनी म्होरक्यांना मक्त्याने दिले. त्या म्होरक्याला 'कांगचू', नदीचा धनी, म्हणत. सिंगापूरने आपली जमीन वापरून झाल्यावर जोहोरच्या नद्यांकडे वळायची ही पहिली वेळ. १८८० च्या दशकात नॅथॅनियल कँटली या वनस्पती-उद्यानाच्या प्रमुखाने बेटाच्या जंगलांची पाहणी केली तेव्हा मूळ जंगलाचे तुकडेच शिल्लक होते. त्यानंतर राखीव वनं नेमली गेली.

एक मोठा तुकडा वाचला तो पाण्यामुळे. १८५७ मध्ये तान किम सेंग या व्यापाऱ्याने शहराला फुकट पाणी मिळावं म्हणून १३,००० डॉलर दिले. पुढची कहाणी आपल्याला अनोळखी वाटणार नाही: आराखडे, वाद, वाढलेला खर्च, पुन्हा आराखडे. थॉमसन रोडचा तलाव १८६८ मध्ये बांधून झाला, पण पंप आणि नळ बसून पाणी शहरात पोचायला आणखी जवळजवळ दहा वर्षं गेली. (मुंबईत विहार तलाव १८६० मध्येच सुरू झाला होता, हे जाता जाता.) दात्याचे पैसे कुठल्या कुठे मुरले होते. १८८२ मध्ये त्याच्या नावाचं कारंजं मात्र उभं राहिलं. त्या तलावाला आता मॅकरिची म्हणतात. त्याच्याभोवतीचं जंगल पाणलोट म्हणून राखलं गेलं आणि आज सिंगापुरी लोक रविवारी जिथे माकडं बघत फिरतात ते रान त्या तलावाच्या कृपेने आहे.

शहर वाढलं, तलाव अपुरे पडले. १९२७ मध्ये जोहोरच्या सुलतानाशी करार झाला, १९३२ पासून गुनुंग पुलाईचं पाणी नळातून बेटावर येऊ लागलं. दहाच वर्षांनी, ३१ जानेवारी १९४२ ला, माघार घेणाऱ्या ब्रिटिश फौजेने जोहोरला जोडणारा कॉजवे सुरुंगाने उडवला. त्यावरूनच जलवाहिनी जात होती. मग बेटावरचे तलावही जपान्यांच्या ताब्यात गेले, बाँबफेकीने शहरातले नळ जागोजागी फुटले, आणि १५ फेब्रुवारीला पर्सिव्हलने शरणागती पत्करली. त्या निर्णयामागच्या मोठ्या कारणांमध्ये पाणी होतं. पुढची साडेतीन वर्षं भाताऐवजी टॅपिओका आणि रताळी खाऊन काढलेली पिढीच नंतर सत्तेवर आली. सिंगापूरचं सरकार पाण्याच्या बाबतीत इतकं धास्तावलेलं का, असं कोणी विचारलं तर मी आधी हीच तारीख सांगतो.

१९६३ मध्ये पाऊस रुसला आणि एप्रिलपासून पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत पाणीकपात चालली. १९६५ मध्ये सिंगापूर मलेशियातून वेगळं झालं आणि जोहोर परदेश झाला. १९६१ आणि १९६२ चे दोन पाणीकरार विभक्ततेच्या करारात सामील करून घेतले म्हणून टिकले. पहिला २०११ ला संपला. दुसरा २०६१ पर्यंत आहे: जोहोर नदीतून दिवसाला २५ कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ११३ कोटी लिटर. दर हजार गॅलनला तीन सेन. त्यातलं थोडं पाणी शुद्ध करून सिंगापूर जोहोरला परत विकतं, पन्नास सेनने. तीन सेन हा दर चेष्टेचा विषय आहे की नाही, हे तुम्ही कॉजवेच्या कोणत्या टोकाला उभे आहात यावर ठरतं. मलेशियाचं म्हणणं, दर वाढायला हवा. सिंगापूरचं म्हणणं, फेरविचाराची संधी १९८७ मध्ये होती, ती तुम्ही घेतली नाहीत. मुंबईसाठी तलाव ज्या शहापूर तालुक्यात आहेत तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला जोहोरच्या तक्रारीचा सूर ओळखीचा वाटेल.

आता डुकरांकडे येऊ. माझ्या मते सिंगापूरच्या पाण्याच्या गोष्टीत सगळ्यात कमी सांगितलं जाणारं आणि सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण हेच आहे.

साठ-सत्तरच्या दशकात हे बेट शहर असलं तरी त्याच्या कडेकडेने गावं होती. हजारो छोटी शेतं. एका कुटुंबाकडे थोडी डुकरं, कोंबड्या-बदकं, मासळीचं तळं, भाजीचे वाफे. डुकरांची विष्ठा तळ्यात आणि वाफ्यात जायची. तळ्यावर जलपर्णी वाढवायची आणि ती शिजवून डुकरांना घालायची. उजनीच्या किंवा इंद्रायणीच्या काठी राहणाऱ्यांना जलपर्णी म्हणजे डोक्याला ताप. इथे ती चारा होती. या व्यवस्थेवर सिंगापूर डुकराचं मांस, कोंबडी आणि अंडी या तीन गोष्टींत स्वयंपूर्ण होतं. ही गोष्ट आज तिथल्या तरुणांना सांगितली तर त्यांचा विश्वास बसत नाही.

पण १९७२ मध्ये पाण्याचा बृहद् आराखडा झाला. बेटाच्या वायव्येला क्रांजीसारख्या खाड्यांच्या तोंडाशी बांध घालून समुद्राला बाहेर ठेवायचं आणि आत गोडं पाणी साठवायचं, असं ठरलं. क्रांजी १९७५ मध्ये झाला. खाडीचा तलाव झाला की तिच्यात येणारा प्रत्येक ओढा पिण्याच्या पाण्याचा ओढा होतो, आणि त्या ओढ्यांच्या काठी डुकरं होती. मग शेतकऱ्यांना सांगण्यात आलं की पुंगोलला जा. ईशान्येचा हा भाग तेव्हा पाणलोटात नव्हता. बरेच जण गेले. तिथे नव्या पद्धतीचे मोठे गोठे बांधले, त्यात पैसा घातला. १९८४ मध्ये सरकारने जाहीर केलं की डुकरं पाळणंच हळूहळू बंद करायचं. १९९० उजाडेपर्यंत पुंगोलही रिकामं झालं. मधल्या काळात सिंगापूर आणि कालांग नद्यांची सफाई चालू होती. १९७७ मध्ये अप्पर पियर्स तलावाच्या उद्घाटनाला ली क्वान यू यांनी तिला दहा वर्षांची मुदत घातली होती. त्यासाठी कालांग खोऱ्यातले ६१० डुकरांचे आणि ५०० बदकांचे फार्म उठवले गेले. २०११ मध्ये खुद्द पुंगोलची खाडी अडवून तिचा तलाव झाला. मारिना बॅराज २००८ मध्ये झालं होतंच. या सगळ्यांनंतर बेटाच्या दोन तृतीयांश जमिनीवर पडणारा पाऊस गटारांतून, कालव्यांतून सतरा तलावांत जाऊ लागला.

हिशेब सरळ होता. मांस बाहेरून आणता येतं, जहाजाने, ट्रकने, गोठवून. पाणी तसं आणता येत नाही, आणलं तर एकाच शेजाऱ्याकडून आणावं लागतं. म्हणून जी जमीन अन्न पिकवत होती तिला पाणी पिकवायला लावलं. मला हा निर्णय त्या काळात बरोबरच वाटतो. पण त्यात कोणाचं काय गेलं हेही मांडायला हवं: दहा वर्षांत दोनदा उठवलेला तो शेतकरी, आणि माती कशी कसायची याचं पिढीजात ज्ञान. भरपाई मिळाली, उंच इमारतीत घर मिळालं. पण सोळाव्या मजल्यावर तळं खणता येत नाही.

'मांस बाहेरून आणता येतं' या वाक्याची परीक्षाही लवकरच झाली. १९९९ मध्ये मलेशियात निपाह विषाणूची साथ आली आणि तिथली जिवंत डुकरं बंद झाली. २०२२ च्या जूनमध्ये मलेशियाने कोंबडीची निर्यात थांबवली. सिंगापूरची साधारण एक तृतीयांश कोंबडी तिथून यायची, त्यातली बहुतेक जिवंत. चिकन राइस हे ज्यांचं जवळजवळ राष्ट्रीय जेवण, त्यांच्यासाठी ती लहान बातमी नव्हती. २०२३ मध्ये इंडोनेशियाच्या बुलान बेटावरून आलेल्या डुकरांत आफ्रिकी स्वाइन फीवर सापडला आणि तोही झरा आटला.

आणि मग तांदूळ, जिथे ही गोष्ट थेट आपल्या अंगणात येते.

१९१८ चा पावसाळा हिंदुस्थानात वाईट गेला. महाराष्ट्रात त्या वर्षाची आठवण इन्फ्लुएंझाच्या साथीसाठी निघते, पण दुष्काळही त्याच वर्षीचा. देशात धान्य कमी पडणार म्हणून हिंदुस्थान सरकारने ब्रह्मदेशच्या तांदळाच्या निर्यातीवर बंधनं घातली. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानचाच प्रांत होता. सयामनेही दरवाजा लावून घेतला. मलाया आणि सिंगापूर रबर आणि कथील विकून ब्रह्मी भात खात होते. तिथे १९१९ मध्ये भाव कडाडले, सरकारला तांदळाचा व्यापार स्वतःच्या हातात घ्यावा लागला, महाग घेऊन तोट्यात विकावा लागला, आणि रबराच्या मळ्यांत अन्नाची पिकं लावा असे हुकूम निघाले. भाव उतरल्यावर सगळे पुन्हा रबराकडे गेले.

एकशे चार वर्षांनी, २०२३ मध्ये, एल निन्योचं वर्ष. भारतातला ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्याआधीच, २० जुलैला, भारताने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली होती. सिंगापूरच्या आयात तांदळात आदल्या वर्षी भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या घरात होता. सिंगापूरने दिल्लीकडे शब्द टाकला आणि ऑगस्टअखेर 'खास संबंध' म्हणून सूट मिळाली: ५०,००० टन. सिंगापूरला याची खरी गरज होती का, यावर मतभेद होऊ शकतात. त्यांच्या आयातदारांना महिन्याच्या आयातीच्या दुप्पट साठा ठेवावाच लागतो आणि थायलंड, व्हिएतनाम होतेच. पण लिटल इंडियातल्या सोना मसुरी खाणाऱ्या घराला जास्मिन तांदूळ हा पर्याय वाटत नाही, हेही खरं.

कांद्यासाठी अशी सूट मागणं इतकं सोपं नव्हतं. त्याच ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, लासलगावसह नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे लिलाव बंद पडले, आणि ८ डिसेंबरला निर्यातबंदीच आली. ती मे २०२४ मध्ये उठली. तुमच्या घरातलं कोणी सिंगापूरला असेल तर टेक्का मार्केटातल्या कांद्याच्या भावाची गोष्ट तुम्ही फोनवर ऐकली असेल. बंदीमागे हवामान होतं, निवडणुकाही होत्या. पण निफाड-चांदवडचा शेतकरी आणि सिंगापूरचं ग्राहक कुटुंब एकाच निर्णयाने एकाच दिवशी अडचणीत आले, ते एकमेकांच्या विरुद्ध टोकांना: एकाला भाव मिळेना, दुसऱ्याला माल. सिंगापूर कितीही श्रीमंत असलं तरी निफाडला पाऊस कधी पडावा आणि दिल्लीने कधी दार लावावं, यावर त्याचं काही चालत नाही.

पाण्याच्या बाजूला मात्र त्याने दार उघडं ठेवायचा रस्ता शोधला आहे. २००३ पासून सांडपाणी शुद्ध करून वापरतात, त्याला 'न्यूवॉटर' असं गोंडस नाव दिलं. २००५ पासून समुद्राचं पाणी गोडं करतात; असे पाच कारखाने आता आहेत. याचा उपयोग २०१४ मध्ये दिसला. १३ जानेवारी ते ८ फेब्रुवारी सलग २७ दिवस पाऊस नाही, आणि तो फेब्रुवारी १८६९ पासूनचा सर्वांत कोरडा महिना ठरला. १९६३ सारखी कपात मात्र करावी लागली नाही. फक्त हजार लिटर समुद्राचं पाणी गोडं करायला साधारण साडेतीन युनिट वीज लागते, आणि सिंगापूरची जवळजवळ सगळी वीज आयात केलेल्या वायूवर होते. जोहोरवरचं अवलंबन थोडं कमी झालं आणि ते वायूच्या नळाकडे आणि जहाजाकडे सरकलं, असं म्हणता येईल.

अन्नाच्या बाबतीत असा कारखाना सापडलेला नाही. २०१९ मध्ये 'तीस साली तीस' अशी घोषणा झाली: २०३० पर्यंत पोषणाच्या गरजेपैकी ३० टक्के बेटावरच पिकवायचं. मजल्यांवरची शेती, दिव्यांखालची भाजी, बंद टाक्यांतले मासे. गुंतवणूकदार आले, वर्तमानपत्रांत फोटो आले. मग व्याजदर वाढले, विजेचे दर वाढले आणि एकेक कंपनी बंद पडली. स्थानिक भाजीचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास घसरला. अंडी मात्र एक तृतीयांश बेटावरचीच. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने ते उद्दिष्ट बाजूला ठेवून २०३५ साठी वेगळी उद्दिष्टं जाहीर केली. जी थोडी मातीतली शेतं क्रांजीच्या बाजूला उरली होती, त्यांतल्या काहींचे भाडेपट्टे लष्कराच्या गरजेसाठी संपवले गेले होते. एकीकडे जमीन काढून घ्यायची आणि दुसरीकडे दिव्याखाली पालक लावायचा, या धोरणाचं मला कधी पूर्ण समाधानकारक उत्तर मिळालं नाही.

जमीनच कमी, तर जमीन करू या, असंही सिंगापूर म्हणतं आणि करतं. समुद्रात भर टाकून बेट आता सुमारे ७३५ चौरस किलोमीटर झालं आहे. त्यासाठी वाळूही बाहेरूनच. मलेशियाने १९९७ मध्ये आणि इंडोनेशियाने २००७ मध्ये ती द्यायचं बंद केलं. २१०० पर्यंत तिथला समुद्र १.१५ मीटरपर्यंत चढू शकतो असा सरकारी अभ्यासाचा अंदाज आहे, आणि बेटाचा सुमारे तीस टक्के भाग पाच मीटरपेक्षाही खाली आहे. म्हणून पूर्व किनाऱ्यासमोर 'लाँग आयलंड' नावाची सुमारे ८०० हेक्टरची भर घालायचा बेत आहे. ती लाटा अडवेल आणि तिच्या आत एक नवा तलाव होईल.

तरी निम्म्याहून जास्त मागणी भागवू शकेल एवढं पाणी अजून जोहोर नदीचंच. तिच्या वरच्या अंगाला लिंगिऊ धरण आहे, सिंगापूरच्या पैशाने १९९५ मध्ये बांधलेलं. त्याचं काम मुख्यतः नदीत पाणी सोडून समुद्राचं खारं पाणी मागे रेटायचं, म्हणजे खाली उपसा करता यावा. त्या जमिनीबद्दल आणि तिथे लाकूडतोड करता येणार नाही म्हणून सिंगापूरने जोहोरला भरपाई दिली होती. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये लिंगिऊत २० टक्केच पाणी उरलं होतं. २०१९ च्या एप्रिलमध्ये नदीत अमोनिया वाढला म्हणून उपसा काही काळ थांबवावा लागला. एकोणिसाव्या शतकात त्या खोऱ्यांमध्ये गॅम्बियर होता, मग रबर आलं, मग तेल-ताड. आता जानेवारी २०२५ मध्ये दोन्ही देशांनी जोहोर-सिंगापूर विशेष आर्थिक क्षेत्राचा करार केला आहे, आणि जोहोरमध्ये डेटा सेंटर उभी राहताहेत. त्यांतली बरीचशी सिंगापुरात जागा आणि वीज पुरेना म्हणून तिकडे गेलेली. यंत्रं थंड ठेवायला त्यांना पाणी लागतं, आणि ते जोहोरलाच पुरवायचं आहे.